भूल देण्याचा अधिकार

एखाद्या शस्त्रक्रियेची हकीकत घरोघर सांगितली जाते तेव्हां शस्त्रवैद्याचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. रोग्याच्या उशाशीं बसून त्याला भूल देणाऱ्याचें नांव मात्र पुष्कळदां त्या रोग्यालाहि ठाऊक नसतें. आणि तरीहि ज्या घटकेस रोगी स्वतःचा श्वास सांभाळण्यास असमर्थ असतो त्या घटकेस तो श्वास याच अनामिकाच्या हवालीं असतो. हें काम कोणीं करावें, त्यासाठीं काय शिकावें, आणि त्या शिक्षणाच्या दारांतून कोणाला आंत घ्यावें, हे प्रश्न वरवर पाहतां नियमावलींतले, कोरडे वाटतात. परंतु त्यांचा इतिहास चाळला म्हणजे ध्यानांत येतें कीं, कोणत्या समाजानें आपला विश्वास कोणावर टाकला याचीच ती नोंद आहे.

आम्हां कोल्हापूरकरांना या इतिहासाचें एक टोंक आपल्याच गांवांत सांपडतें. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या, आणि कोल्हापूर दरबारानें त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागावर नेमलें. आज छत्रपति प्रमिलाराजे यांच्या नांवानें ओळखलें जातें तेंच हें रुग्णालय. त्या कामावर रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाला. त्यांचें स्मरण आपण आदरानें करतों. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्या कोल्हापुरास आल्या असत्या आणि एखाद्या अडलेल्या बाळंतिणीवर शस्त्र चालविण्याचा प्रसंग आला असता, तर क्लोरोफॉर्मचें फडकें कोणाच्या हातीं दिलें असतें? परपुरुषानें नाडी पाहिलेलीहि ज्या घरांत खपत नसे, त्या घरच्या स्त्रीसाठीं एकटी डॉक्टरीण पुरेशी नव्हती. तिच्या शेजारीं शिकलेली दुसरी स्त्री हवी होती.

ती दुसरी स्त्री घडविण्याचें काम आपल्याकडे उशिरां आणि धीम्या पावलांनीं झालें. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें आणि १८९७ सालीं तेथें परिचारिकांची शाळा निघाली. पुण्यांत १९०९ सालीं सेवासदन स्थापन झालें, आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण मिळूं लागलें. या शाळांच्या दाराशीं खरी अट इयत्तेची नव्हतीच. ती घरच्या उंबरठ्यावर होती. मलमूत्र साफ करावें लागेल, कोणत्याहि जातीच्या देहाला हात लावावा लागेल, रात्रीं बाहेर राहावें लागेल, एवढें कळल्यावर मुलीला आनंदानें पाठविणारीं पांढरपेशीं घरें विरळाच होतीं. विधवांनीं आणि ख्रिस्ती मुलींनीं ती वाट पाडली, आणि तिचा लाभ पुढें सर्वांनाच झाला.

आतां भूल देण्याच्या विद्येकडे वळूं. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें मॉर्टननें ईथरचा प्रयोग लोकांसमोर यशस्वी केला; पुढच्याच वर्षीं एडिंबरोच्या सिम्प्सननें क्लोरोफॉर्म पुढें आणलें. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजीं न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखावरील क्षुल्लक शस्त्रक्रियेच्या वेळीं क्लोरोफॉर्मनें दगावली, आणि नव्या वरदानाची दुसरी बाजू जगाला दिसली. इंग्लंडांत तेव्हांपासून हें काम डॉक्टरानेंच करावें असा प्रघात दृढ झाला. १८५३ सालीं खुद्द व्हिक्टोरिया राणीला प्रसूतीच्या वेळीं क्लोरोफॉर्म देणारा जॉन स्नो हा नामांकित डॉक्टर होता. इंग्रजांचें वैद्यक आपल्याकडे आलें तें हाच दंडक घेऊन.

या दंडकांतहि स्त्रीला जागा मिळूं शकते हें निजामाच्या हैदराबादेनें दाखविलें. तेथें सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें १८८८ आणि १८८९ सालीं क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठीं दोन मंडळें बसलीं. त्याच वैद्यकशाळेंत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी भूल देण्याच्या कामांत निष्णात झाल्या; जगांतील अगदीं पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. श्वासावर लक्ष ठेवलें कीं क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, हा लॉरी यांचा आग्रह मात्र टिकला नाहीं. हलक्या भुलेंतहि हृदय अकस्मात् बंद पडूं शकतें हें लेव्हीनें १९११ च्या सुमारास सिद्ध केलें. श्वास पाहावा हें खरें. केवळ श्वासच पाहावा हें घातक.

अमेरिकेनें निराळी वाट धरली. तेथें शस्त्रवैद्यांना असें आढळलें कीं, भूल देण्यास बसविलेल्या नवशिक्या डॉक्टराचें लक्ष रोग्याकडे कमी आणि शस्त्रक्रियेकडे अधिक असतें. म्हणून १८७७ च्या सुमारास पेनसिल्व्हानियांतील ईरी येथें सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीवर तें काम सोंपविण्यांत आलें. मेयो बंधूंच्या रुग्णालयांत ॲलिस मॅगॉ हिनें जाळीवर ईथरचे थेंब टाकीत, रोग्याशीं धीराचे शब्द बोलत, चौदा हजारांवर लोकांना भूल दिली. भुलेमुळें त्यांतील एकहि दगावला नाहीं, असा वृत्तान्त तिनें १९०६ सालीं प्रसिद्ध केला. १९१५ सालीं ॲगाथा हॉजिन्स हिनें क्लीव्हलंड येथें रीतसर शाळा काढली. तेथला अभ्यासक्रम सहा महिन्यांचा होता. डॉक्टरांनीं न्यायालयांत हरकत घेतली. पण १९१७ सालीं केंटकीच्या आणि १९३६ सालीं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें परिचारिकांच्याच बाजूनें कौल दिला. १९३१ सालीं त्यांची राष्ट्रीय संघटना झाली, १९४५ सालीं परीक्षा सुरू झाली. आज त्या दाराशीं अटी अशा आहेत: पदवी, परिचारिकेची नोंदणी, अत्यवस्थ रोग्यांच्या विभागांत निदान एक वर्षाचा अनुभव, आणि त्यानंतर तीन वर्षांचा, डॉक्टरेटच्या दर्जाचा अभ्यास. सहा महिन्यांची शाळा शंभर वर्षांत एवढी उंच चढली.

भारतांत अद्यापि भूल देणें हा डॉक्टराचाच अधिकार आहे. एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षांची एम. डी., हा त्याचा राजमार्ग. परंतु खेड्यापाड्यांत पोट उघडून मूल काढण्याची वेळ येते तेव्हां शस्त्र धरणारा असतो आणि भूल देणारा नसतो, हें जाणून सरकारनेंच साध्या एम. बी. बी. एस. डॉक्टरांसाठीं अठरा आठवड्यांचा अभ्यासक्रम काढला. म्हणजे गरजेपुढें दार किंचित् उघडतें, हें सरकारलाहि मान्य आहे. दुसरीकडे, अतिदक्षता विभागांतील परिचारिकांसाठीं दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनें आंखला आहे; मात्र त्याची वाट भुलेच्या मेजापर्यंत जात नाहीं.

मग जात असावी काय? याचें उत्तर घाईनें देऊं नये. अमेरिकेंतील परिचारिकेमागें एका शतकाची शाळा, परीक्षा आणि कायदा उभा आहे. नुसती पाटी उचलून येथें लावली तर हॅना ग्रीनरची कथा पुन्हां घडेल. शिवाय आपल्या वॉर्डांतच परिचारिका पुरेशा नाहींत; तेथून त्या काढून घेणें म्हणजे एक भोंक बुजविण्यास दुसरें पाडणें. परंतु अठरा आठवडे शिकलेला तरुण डॉक्टर चालतो, आणि अत्यवस्थांच्या खाटांशीं दहा वर्षें रात्री जागविलेली, परीक्षा देण्यास तयार असलेली स्त्री दाराशींहि उभी राहूं शकत नाहीं, या भेदाचें समर्थन केवळ परंपरेच्या आधारानें करतां येणार नाहीं. अट कठोर असावी. अभ्यास लांब असावा. जबाबदारी कायद्यानें स्पष्ट असावी. पण अट माणसाच्या तयारीची असावी, त्याच्या वर्गाची नव्हे.

सह्याद्रीच्या कुशींतल्या एखाद्या गांवाहून रात्रीं निघालेल्या बाळंतिणीला अधिकाराचा हा वाद कळत नाहीं. ती तालुक्याच्या रुग्णालयाशीं पोंचते तेव्हां तिच्या उशाशीं जाणता हात असावा, एवढीच तिची मागणी आहे. आणि तो हात वेळेवर कसा तयार होईल, याचा विचार करणें हें आपल्या विद्यापीठांचें आणि शासनाचें काम आहे.