ओसरीवरची गाडी

आमच्या ओसरीवर पंधरा वर्षं एक गाडी उभी होती. तिच्यावर कपडे वाळले, हळदीची पोती टेकली, आणि तिच्या पायदानात मांजर दोनदा व्याली. विजेवर चालणारी दुचाकी ती. २००८ साली नांदेडहून आणलेली आणि जेमतेम चौदा महिने चाललेली. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही मामा-भाच्यांनी ती घरीच उघडली आणि पुन्हा चालती केली. कशी केली ते सांगणारच आहे, पण त्याआधी ती बंद का पडली हे सांगायला हवं. कारण त्यावरून मी एका माणसावर पंधरा वर्षं आळ घेतला होता, आणि ते माणूस माझ्याच घरात राहतं.

मी वसमत तालुक्यातल्या एका गावचा. माझं बालपण परभणी जिल्ह्यात गेलं असं म्हणावं लागतं, कारण हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. गाव मात्र जागचं हललं नाही. आमचे अब्बा विद्युत मंडळात वायरमन होते. खांद्यावर बांबूची शिडी, कमरेला पक्कड, असे ते गावोगाव फिरायचे. पूर्णा नदीवर येलदरीला धरण झालं आणि १९६८ च्या सुमारास तिथे साडेबावीस मेगावॅटचं वीजघर सुरू झालं. पुढे १९७१ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र आलं. आमच्याकडच्या लोकांनी कंदील माळ्यावर टाकले ते त्या सुमाराला. अब्बा म्हणायचे, "वीज म्हणजे गरम भाकरी. तव्यावरून सरळ ताटात. डब्यात भरून ठेवता येत नाही." मी बी.ए. झालो आणि कवितेला लागलो. वायरमनचा मुलगा असून टेस्टर हातात धरायला भ्यायचो.

ही गरम भाकरी डब्यात भरायची खटपट मात्र जुनी आहे. १८५९ साली गास्ताँ प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे गंधकाच्या आम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येईल अशी बॅटरी केली. १८८१ मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवली. जर्मनीतल्या डाइमलरची पेट्रोलची दुचाकी आली १८८५ मध्ये. म्हणजे विजेची गाडी पेट्रोलच्या दुचाकीच्या आधीची! आपण तिला नवीन समजतो, एवढंच. पुढे अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या मोटारी बऱ्याच चालल्या, आणि त्या खास करून बायकांना विकल्या गेल्या. पेट्रोलची मोटार सुरू करायला पुढून लोखंडी हँडल मारावं लागे, हात मोडायचे. विजेच्या गाडीला ते नको होतं. मग १९१२ साली पेट्रोलच्या मोटारीतच बटणाने सुरू होणारा स्टार्टर आला आणि विजेची गाडी मागे पडली.

आपल्या मुलखातही कोणी गप्प बसलं नव्हतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात बॅटरीवर चालणारी रिक्षा तयार केली. पायडल मारणाऱ्या माणसाच्या छातीवरचा भार कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. आज शहराशहरांत ई-रिक्षा दिसतात तेव्हा फलटणची आठवण किती जणांना येते, कोण जाणे.

तर २००८ साल. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. शाळा घरापासून अकरा किलोमीटर. रोज काळीपिवळीने जाणं. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा माणसं, आणि बाईमाणसाला टपावर बसता येत नाही म्हणून एक जीप सुटली की दुसरीची वाट. त्या वर्षांत विजेच्या दुचाकींची मोठी लाट आली होती. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी पंचवीसच्या आतला असेल तर लायसन्स नको, नोंदणी नको, असा नियम होता. किक नाही, गिअर नाही. तिने पतपेढीचं कर्ज काढलं आणि गाडी आणली. आमच्या मोहल्ल्यात स्वतः गाडी चालवत कामाला जाणारी ती पहिली बाई. लहान पोरं वेशीपर्यंत मागे धावायची, पंचवीसच्या वेगात त्यांना ते जमायचंही.

सात-आठ महिन्यांत गाडी दमू लागली. आधी बावीस किलोमीटर सहज व्हायचे, मग परतीच्या वाटेवर ओढ्याजवळ थांबायची. ती बाई भर उन्हात शेवटचे दोन किलोमीटर गाडी ढकलत यायची. नांदेडच्या दुकानदाराने पाहिलं आणि निकाल दिला, "मॅडमना चार्जिंग करता येत नाही." मी तोच निकाल घरी आणला. रोज संध्याकाळी विचारायचो, "लावली का? नीट लावली का?" चौदाव्या महिन्यात गाडी जागची हलेना. दुसऱ्यांदा गेलो तर दुकानाला कुलूप. बॅटऱ्यांचा नवा संच तिच्या पगाराच्या आवाक्यात नव्हता आणि माझ्या मानधनाच्या तर स्वप्नातही नव्हता. ती पुन्हा काळीपिवळीत बसली. मी मित्रांत हसत सांगायचो, आमच्याकडे गाडी टिकत नाही.

माझा भाचा पंप भरतो, मोटारी बांधतो. तो सुट्टीत आला आणि म्हणाला, मामू, हिला खोलू या. त्याने सीट काढली. आत बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, एकीला एक जोडलेल्या, अशी अठ्ठेचाळीसची ओळ. प्रत्येकी सात किलोचं शिसं. मीटर लावला तर एकही दीड व्होल्टच्या वर जाईना. एक बॅटरी त्याने हातमोजे घालून उघडली. आतल्या पट्ट्यांवर पांढरी पुटं चढली होती, घट्ट, मिठागरासारखी.

"बॅटरी भुकी मरी, मामू," तो म्हणाला.

त्याचा अर्थ असा. शिशाची बॅटरी वापरली की पट्ट्यांवर गंधकाचं मीठ जमतं. पूर्ण चार्ज केली की ते विरघळतं. पण ती पुन्हापुन्हा अर्धपोटी ठेवली तर त्या मिठाचे खडे होतात आणि मग ते हलत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग मेला. आमच्या चार्जरला या बॅटऱ्या भरायला सलग सात-आठ तास लागायचे. भाच्याने विचारलं, "तेव्हा सलग आठ तास लाईट असायची?"

आता आठवा ती वर्षं! २००५ नंतरची चार-पाच वर्षं ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनात काढली. ठरलेलं भारनियमन वेगळं, डीपी जळाल्यावरचा अंधार वेगळा, आणि लाईट असली तरी ट्यूब नुसती लुकलुकत राहील इतकं कमी व्होल्टेज, तेही वेगळं. शाळेत चार्ज करावी तर शाळेत मीटर होतं, बिल थकल्याने वीज नव्हती.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पत्नी आतून एक जुनं कॅलेंडर घेऊन आली. २००९ चं. ट्रंकेत तळाला अंथरलं होतं. त्यावर दुधाचा हिशोब, आणि प्रत्येक चौकोनात दुधाखाली बारीक अक्षरात, 'लाईट ११ ते ३', 'लाईट १२ ते २, परत ४ ते ५'. गणिताच्या बाई त्या! मी चष्मा लावून फेब्रुवारी ते मे मोजत बसलो. सलग आठ तास वीज राहिल्याच्या रात्री दोन्ही हातांच्या बोटांवर मावल्या.

मी म्हणालो, "म्हणजे तुझी चूक नव्हती."

"मला माहीत होतं."

"मग तेव्हा सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा भारनियमनावर कविता लिहीत होतात."

या गाड्यांचा इतिहास लिहिताना जाणकार अनुदानाच्या तारखा देतात. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने सवलत दिली, मार्च २०१२ मध्ये ती संपली आणि कित्येकांनी धंदा गुंडाळला, हे खरंच आहे. पण आमच्याकडच्या गाड्या त्याआधीच ओसरीवर लागल्या होत्या. त्यांचं कारण फाईलींत सापडायचं नाही, ते दुधाच्या हिशोबाखाली लिहिलेलं असतं.

दुरुस्तीला तीन रविवार लागले. मोटर मागच्या चाकातच असते. तिच्या तीन जाड वायरी एकमेकींना टेकवून भाच्याने चाक फिरवलं, चाक जड झालं. सोडल्या, हलकं झालं. "गुंडाळी जिवंत आहे," तो म्हणाला. पण चालू केल्यावर चाक नुसतं थरथरायचं. चाकात तीन बारीक चिपा असतात, चुंबक कुठे आला ते सांगणाऱ्या. त्यातली एक मेली होती आणि तिच्या वायरी उंदराने खाल्ल्या होत्या. चाक उघडताना आतल्या चुंबकांनी असा हिसका दिला की माझं बोट चेंगरलं. नवी चिप काही रुपयांची. डाग द्यायला बसलो आणि नेमकी लाईट गेली. वीस मिनिटांनी आली. मग ब्रेकशू बदलले, चिरलेले टायर बदलले, हॉर्नचा गंज घासला. टेस्टर अब्बांचा होता. या वेळी मी तो धरला.

नवी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. सोळा सेलची, आत संरक्षक सर्किट असलेली, कंपनीतून बंद होऊन आलेली. सुटे सेल आणून घरी जोडायचा उद्योग आम्ही केला नाही आणि कोणी करूही नये. २०२२ मध्ये देशभर गाड्या पेटल्या ते विसरण्यासारखं नाही. चार्जरही तिच्याच जोडीचा घेतला. जुन्या चारींचं वजन अठ्ठावीस किलो होतं, हिचं बारा. अर्धपोटी ठेवली तरी ही बॅटरी तशी मरत नाही, हा मोठा फरक. जुन्या बॅटऱ्या भंगारवाला मागत होता. तो हातोड्याने फोडून आम्ल नालीत सोडतो आणि शिसं वितळवतो, तो धूर आधी त्याच्याच पोरांच्या पोटात जातो. म्हणून त्या वसमतच्या बॅटरीच्या दुकानात दिल्या आणि पावती घेतली. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घ्याव्यात असा नियम २००१ मध्ये आला होता.

आता रस्त्यावर विजेच्या गाड्या कमी नाहीत. २०२० मध्ये चेतक विजेवर आली, २०२४ मध्ये लुना. आमची गाडी त्यांच्यापुढे म्हातारी दिसते, मागचा इंडिकेटर अजून वाकडाच आहे.

शेवटच्या रविवारी संध्याकाळी पत्नीने ओढणी खोचली, सीट हाताने पुसली आणि काही न बोलता गाडी काढली. वेशीपर्यंत गेली, पुढे ओढ्याचा उतार उतरली, दिसेनाशी झाली. मी उगाच ओसरीवर उभा. पंधरा-वीस मिनिटांनी परत आली, गाडी स्टँडला लावली आणि म्हणाली, "चार्जर कुठाय?"

मी द्यायला गेलो तर तिने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. सकाळी पाहिलं तर भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाखाली लिहिलेलं होतं, 'लाईट ९ ते १. पूर्ण.'