रक्त थांबवणारी पट्टी : टूर्निकेटचे प्रकार आणि नवशिक्यांची तालीम

हातापायाची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॉलीखाली सापडलेला पाय असो, कडबाकुट्टीत गेलेला हात असो, की घाटातला दुचाकीचा अपघात, १०८ ची गाडी येईपर्यंतचा वेळ निर्णायक असतो. त्या वेळात जखमेवर जोरात दाब देणं हा पहिला उपाय. दाबूनही रक्त उसळतच राहिलं, किंवा अवयवच तुटला असेल, तर जखमेच्या वर आवळायची पट्टी म्हणजे टूर्निकेट.

कल्पना जुनी आहे. कडब्याचा भारा आवळताना दोरीत काठी घालून पीळ द्यावा, तसंच तत्त्व १६७४ साली मोरेल या फ्रेंच सर्जनने रणांगणावर वापरल्याची नोंद आहे. पुढे १७१८ मध्ये झाँ-लुई पेती यांनी काठीच्या जागी स्क्रू आणला. ‘टूर्निकेट’ हे नावसुद्धा ‘फिरवणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेलं आहे. आजही सर्वाधिक वापरली जाणारी टूर्निकेटं पीळ देऊनच आवळली जातात.

एक शिकलं म्हणजे सगळी येतात का?

सर्वसामान्य माणसांना हे शिकवायची मोठी मोहीम अमेरिकेत सुरू झाली. २०१३ च्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटात जखमींना जागेवर बांधलेल्या पट्ट्या पट्टे, कपडे, रबरी नळ्या अशा हाताला लागेल त्या वस्तूंच्या होत्या. त्यातल्या बऱ्याच नीट आवळल्याच गेल्या नव्हत्या. २०१५ मध्ये ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम आली आणि तासा-दीड तासाचे वर्ग सुरू झाले. या वर्गांत बहुतेक ठिकाणी एकच नमुना हातात देतात : कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट, थोडक्यात ‘कॅट’.

मग कॅटवर शिकलेल्या माणसाच्या हाती दुसराच प्रकार आला तर? २०१९ मध्ये ‘जामा सर्जरी’त याचं उत्तर छापून आलं. १०२ सामान्य नागरिकांना कॅटवर शिकवलं आणि मग वेगवेगळे प्रकार लावायला दिले. कॅट ९२.२ टक्के लोकांनी बरोबर लावलं. ‘सॉफ्ट’ या प्रकारात हा आकडा ६८.६ वर आला. कापड आणि काठीचं घरगुती टूर्निकेट ३२.४ टक्क्यांना जमलं. ताणून गुंडाळायच्या ‘स्वॅट’ आणि ‘रॅट्स’ या दोन प्रकारांत तर प्रत्येकी फक्त ११.८ टक्के! म्हणजे दहातल्या जेमतेम एकाला जमलं. सायकल येणाऱ्याला बुलेट चालवता येईलच असं नाही, तसाच हा प्रकार.

फरक नेमका कुठे पडतो

कॅटमध्ये साधारण दीड इंच रुंदीची वेल्क्रोची पट्टी, पिळायला प्लास्टिकची दांडी आणि दांडी अडकवायला खाच असते. पट्टी आधी हाताने जितकी ओढता येईल तितकी ओढायची, वेल्क्रो चिकटवायची, मग दांडी फिरवायची, रक्त थांबलं की खाचेत अडकवायची. नवशिक्यांची सर्वात मोठी चूक पहिल्याच पायरीवर होते. पट्टी ढिली ठेवून ते सगळा भार दांडीवर टाकतात. मग दांडी कितीही फिरवली तरी नुसतं कापड गोळा होतं, आवळलं काहीच जात नाही. म्हणून चांगला शिक्षक दांडीला हात लावू देण्याआधी पट्टीखाली बोटं घालून बघतो. बोटं सहज शिरली तर परत ओढायला लावतो.

आणखी एक गोंधळ खास कॅटचाच. जुन्या नमुन्यात पायाला लावताना पट्टी बकलमधून दोनदा ओवायला शिकवत. नव्या, सातव्या पिढीच्या नमुन्यात बकलला एकच फट आहे. जुने व्हिडिओ बघून शिकलेला माणूस नव्या बकलमध्ये दुसरी फट शोधत बसतो.

‘सॉफ्ट’चं तत्त्व तेच, पण दांडी धातूची आणि ती अडकवायला त्रिकोणी कडी. हात आपोआप खाच शोधतो, कडी लक्षात येत नाही आणि दांडी सुटली की पीळ उलगडतो. तरीही ओढा-पिळा-अडकवा हा क्रम सारखाच असल्याने निम्म्याहून जास्त लोक इथे तरून जातात.

रबरी प्रकारांत दांडीच नाही. ‘स्वॅट’ ही रुंद लवचिक पट्टी. ती ताणून गुंडाळायची आणि टोक आत खोचायचं. किती ताणायचं हे कळावं म्हणून पट्टीवर आकृत्या छापलेल्या असतात. पुरेसा ताण बसला की लंबगोलाचं वर्तुळ होतं. कल्पना छान आहे, पण ही खूण आधी कुणी दाखवली नसेल तर त्या आकृत्या नक्षी वाटतात. ‘रॅट्स’ ही जाड लवचिक दोरी. तिचे वेढे एकावर एक न येता शेजारी शेजारी बसवायचे असतात, म्हणजे दाब रुंदीवर पसरतो. घाईत नेमके ते एकमेकांवर चढतात. करकचणाऱ्या दातेरी पट्ट्याचा, म्हणजे रॅचेटचाही एक प्रकार आहे. मालवाहू गाडीवर ताडपत्री आवळणाऱ्या चालकांना तो हातात घेताच उमगावा.

आणि घरगुती टूर्निकेट? ओढणी, उपरणं, किमान इंचभर रुंद दुमडलेलं कापड चालेल. पण पिळायला मजबूत काठी हवीच. नुसती गाठ मारली, किंवा बारीक दोरी-वायर बांधली, तर उलटच होतं. कमी दाबाने शिरा दबतात, धमनी चालूच राहते. हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि जखमेतून वाहणं वाढतं. अर्धवट आवळलेलं टूर्निकेट काही वेळा न बांधण्यापेक्षाही वाईट ठरतं ते यामुळे.

तालीम कशी घेतात

हातापायांवर पट्टी जखमेच्या दोन-तीन इंच वर, पण कोपर किंवा गुडघ्यावर नको. जखम नेमकी कुठे ते दिसत नसेल तर दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या भागात, गरज पडल्यास कपड्यांवरूनच. मात्र खिशातला मोबाइल, चाव्या आधी काढाव्यात. मान, काख, जांघ इथे ही पट्टी बसतच नाही. तिथे जखमेत स्वच्छ कापड ठासून भरायचं आणि दाबून धरायचं.

वर्गात पट्टी एकमेकांच्या हातावर लावतात आणि मनगटाची नाडी बंद झाली का ते बघतात. नीट आवळलेलं टूर्निकेट खूप दुखतं. हे आधी सांगितलं नाही तर जखमी ओरडला की नवशिका हात सैल सोडतो. सरावात मात्र नाडी थांबताच पट्टी सोडायची, ताणून धरायची नाही. स्वतःच्या हातावर एकाच हाताने लावणं, डोळे मिटून लावणं, साबणाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या हातांनी लावणं हे पुढचे धडे. सरावाची पट्टी वेगळी ठेवतात (कॅटची निळी येते), कारण वारंवार पिळून ती थकते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नकली पट्ट्यांची दांडी ऐनवेळी मोडल्याची उदाहरणं आहेत, त्यामुळे खरेदी जपूनच.

शिकलेलं टिकतं का, हाही प्रश्न आहेच. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात वर्गानंतर लगेच सुमारे ८८ टक्के लोकांना कॅट बरोबर लावता आलं. तीन ते नऊ महिन्यांनी तपासलं तेव्हा हा आकडा ५४.५ वर उतरला होता. एकदा शिकून प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्या कारखान्यांनी आणि शाळांनी हा आकडा बघावा.

जुन्या सवयी

आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक, दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टी सैल करायची. नाही. एकदा बांधली की ती डॉक्टरांनीच सोडायची. साधारण दोन तासांच्या आत रुग्णालय गाठणं महत्त्वाचं. बांधल्याची वेळ पट्टीवर किंवा जखमीच्या कपाळावर पेनाने लिहावी. एका पट्टीने रक्त थांबलं नाही तर तिच्या वरच्या बाजूला दुसरी लावतात. दुसरी समजूत सर्पदंशाची. साप चावल्यावर दंशाच्या वर करकचून बांधायची पद्धत गावोगाव आहे, पण विष त्याने थांबत नाही आणि अवयव मात्र जाऊ शकतो. टूर्निकेट वाहत्या रक्तासाठी आहे, विषासाठी नाही. सर्पदंशात हातपाय न हलवता थेट रुग्णालय.

मदत केली तर पोलिसांचं लचांड मागे लागेल, या धास्तीने लोक अजूनही मागे सरतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. कायदा केंद्राचा असल्याने चंदगड ओलांडून बेळगावात आलं काय किंवा बांदा ओलांडून गोव्यात गेलं काय, संरक्षण तेच राहतं. १०८ हा क्रमांकही महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि तेलंगणात लागतो. फोनवर रक्तस्राव जोरात आहे आणि टूर्निकेट किती वाजता बांधलं, या दोन गोष्टी आधी सांगाव्यात.