गडचिरोलीचा डॉक्टर आणि कामाचे तास

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचे एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजारांच्या आसपास सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. (हेच लोखंडे १८९३च्या मुंबईतल्या दंग्यानंतर हिंदू-मुसलमान सलोख्यासाठी धडपडले, हे फार कमी सांगितले जाते.) पुढे नोव्हेंबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूर सदस्य म्हणून डॉ. आंबेडकरांनी आठ तासांच्या कामाचा प्रश्न पुढे रेटला.

ही सगळी लढाई मालकाशी होती. पण ज्याला मालकच नाही, त्याचे तास कोण मोजणार?

डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या वातावरणात वाढले. तिथला दिवस घंटेवर चाले. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, फिरणे, सगळे ठरलेले. गांधीजी सोमवारी मौन पाळत. ते व्रत होतेच, पण सतत माणसांच्या गराड्यात राहणाऱ्याला त्यातून आठवड्यातला एक दिवस थोडी उसंतही मिळत असणार. रोजगार हमीच्या मजुराला दिवसाला किती रुपये हवेत, हा हिशेब डॉ. बंग यांनी तरुणपणीच पुन्हा मांडला होता. शरीर किती राबते आणि त्याला किती अन्न लागते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? १९८०च्या दशकाच्या मध्यात डॉ. राणी बंग यांच्यासह ते गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ उभी राहिली. दवाखाना, संशोधन, दारूबंदीचे आंदोलन, प्रशिक्षण, सगळे एकाच माणसाच्या एकाच दिवसात कोंबलेले.

१९९५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला.

‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी स्वतःचीच तपासणी केली आहे. डॉक्टर इथे रोगी होतो आणि आपली घाई, महत्त्वाकांक्षा, खाणे, न चालणे हे सगळे टेबलावर मांडतो. पुढे आहार, चालणे आणि ध्यान यांना त्यांनी दिनक्रमात पक्की जागा दिली. मला मात्र पुस्तकाइतकीच मोलाची वाटते ती तारखांची जुळणी. नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा ३९ गावांमधला प्रयोग नेमका १९९५ मध्येच सुरू झाला होता. मुख्य संशोधक आजारी पडला, तरी प्रयोग बंद पडला नाही. कारण काम त्यांच्या जागरणावर नव्हे, गावोगावच्या आरोग्यदूत बायांच्या ठरलेल्या फेऱ्यांवर उभे होते. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, मग पुढचे नेमलेले दिवस. प्रत्येकीकडे आपापले गाव. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

अशी आखणी या जंगलात नवी नाही. तेंदूच्या हंगामात माणसे पहाटे निघतात, ऊन चढायच्या आत परततात, दुपारी सावलीत घरची लहानथोर मिळून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. मे महिन्याचे ऊन घाई चालू देत नाही. हे जगणे सुखाचे आहे असे मुळीच नाही, हंगाम संपला की पैसाही संपतो. पण कोणत्या वेळी थांबायचे ते तिथे सगळ्यांना माहीत असते.

२०११ पासून गडचिरोलीची ही पद्धत देशभर आशाताई राबवतात. बाळंतपण दवाखान्यात झाले तर बाळाला भेटायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचे. शिवाय लसीकरण, सर्वेक्षण, नोंदी, रात्री-अपरात्री गरोदर बाईसोबत दवाखाना. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताईंना मोबदल्यासाठी संप करावा लागला. सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका आहेत. त्यामुळे कारखान्याच्या कायद्यातले तास त्यांना लागू नाहीत, आणि लोखंड्यांनी मिळवलेला रविवारही नाही.