प्रकाशाने जागे होणारे औषध : फोटोडायनॅमिक थेरपी म्हणजे काय?

रेडिएशनला आपल्याकडे घरोघरी ‘शेक देणे’ म्हणतात. त्यामुळे कॅन्सरवर प्रकाशाचा उपचार म्हटलं की हाही शेकच असेल, असं वाटू शकतं. तसं नाही. फोटोडायनॅमिक थेरपीत डोळ्यांना दिसणारा, बहुधा लाल प्रकाश वापरतात आणि काम होतं ते औषध, प्रकाश व ऑक्सिजन या तिघांच्या मेळातून.

औषध शिरेतून देतात. त्वचेच्या आजारात मलम लावतात. शिरेतून दिलेलं औषध निरोगी पेशींतून लवकर निघून जातं, कॅन्सरच्या पेशींत मात्र जास्त वेळ टिकतं. म्हणून एक ते तीन दिवस थांबून दुर्बिणीतून बारीक फायबर आत घालतात आणि नेमका गाठीवर प्रकाश सोडतात. औषध जागं होतं, ऑक्सिजनचं तीव्र रूप तयार होतं आणि त्या पेशी मरतात.

याचं मूळ जर्मनीतल्या म्युनिकमध्ये सापडतं. १९०० च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्यातले सूक्ष्मजीव उजेडात लवकर मरतात. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत थॉमस डोहर्टी यांनी हा उपचार रुग्णांपर्यंत नेला. फोटोफ्रिन या औषधाला कॅनडात १९९३ मध्ये, तर अमेरिकेत १९९५ मध्ये मंजुरी मिळाली.

मर्यादाही समजून घेऊ. प्रकाश शरीरात साधारण एक सेंटिमीटरच पोचतो. म्हणून अन्ननलिका, श्वासनलिका, त्वचा अशा ठिकाणच्या वरवरच्या गाठींना तो उपयोगी. कॅन्सर शरीरभर पसरला असेल तर हा इलाज नव्हे. साधा दिवा किंवा ऊन दाखवून कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून ऑपरेशन वा केमो लांबवू नका.

घरच्यांसाठी सर्वात महत्त्वाचं : फोटोफ्रिन घेतल्यावर निदान तीस दिवस त्वचा व डोळे उजेडाला फार नाजूक असतात. गच्चीवर कपडे वाळत घालणं, दुपारी बाजारात जाणं यानेही त्वचा भाजू शकते. सनस्क्रीन इथे कामाला येत नाही. अंगभर कपडे आणि गडद चष्मा हवा. पण रुग्णाला अंधाऱ्या खोलीत कोंडूही नका. घरातल्या सौम्य उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निष्प्रभ होतं. बाहेर कधी पडायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.