पाचाच्या पाढ्यातली गोळी

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. ते टोचूनच घ्यावं लागे, कारण पेनिसिलिन-जी जठरातल्या आम्लात टिकत नाही. स्ट्रेप्टोमायसिनलाही सुईच लागते, पण तिथं अडचण वेगळी: हा रेणू पाण्यात इतका रमतो की आतड्याचा स्निग्ध पडदा ओलांडायचं नाव घेत नाही.

मग रेणूची ठेवण पाहूनच तो गिळण्याजोगा आहे की नाही हे ओळखता येईल का? या प्रश्नाचं मूळ ऑलिव्ह तेलात सापडतं. १९०० च्या आसपास मारबुर्गला मायर आणि झुरिकला ओव्हरटन यांना स्वतंत्रपणे दिसलं, की भुलीचं द्रव्य पाण्यापेक्षा तेलात जितकं अधिक उतरतं, तितकी गुंगी अधिक. साठच्या दशकात अमेरिकेत कोर्विन हान्श यांनी तेलाच्या जागी ऑक्टेनॉल आणलं आणि या मापाला गणिताची शिस्त लावली.

नव्वदच्या दशकात यंत्रं भराभर रेणू पारखू लागली. परीक्षानळीत जिंकणारे मात्र बरेचदा जड आणि तेलकट निघत. पोटातून रक्तात पोचायची वेळ आली की अडत. फायझरच्या क्रिस्तोफर लिपिन्स्की यांनी मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलेली सव्वादोन हजारांच्या आसपास संयुगं तपासली आणि १९९७ साली ‘पाचाचा नियम’ मांडला. रेणुभार ५०० पर्यंत, तेल-पाण्याच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम ५ पर्यंत, हायड्रोजन बंधाचे दाते ५, ग्राहक १०. अटी चारच, आकडे तेवढे पाचाच्या पाढ्यातले. दोन मोडल्या, तर शोषण कठीण असण्याची शक्यता जास्त.

गंमत अशी, की ३३४ भाराचं पेनिसिलिन-जी चारही अटींत सहज बसतं. नियम पडदा पाहतो, आम्ल पाहत नाही. प्रतिजैविकांना लिपिन्स्कींनी अपवादातच ठेवलं होतं, आणि ते शहाणपणाचं होतं.

त्याचा पुरावा क्षयाच्या औषधांत आहे. मिलानच्या लेपेटिट कंपनीचं रिफामायसिन-एसव्ही तोंडावाटे नीट शोषलं जात नसे. साठच्या दशकात रसायनज्ञांनी त्याला एक शेपूट जोडलं. भार जवळपास ७०० वरून ८२३ झाला, आणि रेणू गिळता येऊ लागला! तेच रिफाम्पिसिन. नियमावर डोळे मिटून विसंबणाऱ्यानं ते कागदावरच खोडलं असतं. जबलपूरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था सहरिया आदिवासींच्या ज्या वस्त्यांमधल्या क्षयाचा अभ्यास करते, तिथं रोज सुई टोचायला माणूस पाठवण्यापेक्षा कॅप्सूल पोचवणं कितीतरी सोपं.