कॅलिपर ब्रेकची पोच: मापन, दोष आणि उपाय

सायकलच्या कॅलिपर ब्रेकची ‘पोच’ म्हणजे तो बसवण्याच्या बोल्टच्या मध्यापासून ब्रेक-रबराच्या मध्यापर्यंतचे उभे अंतर. रबर भुजेच्या खाचेत वर-खाली सरकते, म्हणून पोच पल्ल्यात सांगतात. आखूड कॅलिपरचा पल्ला साधारण ३९ ते ४९ मि.मी., मध्यमाचा ४७ ते ५७ आणि लांब कॅलिपरचा ५५ ते ७३ मि.मी. असतो.

पोच अपुरी पडते ती बहुधा चाक बदलल्यावर. जुन्या रोड सायकलींच्या २७ इंची रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३० मि.मी. आणि ७००सी रिमचा ६२२. व्यासात ८ मि.मी.चा फरक, म्हणून २७ इंचीच्या जागी ७००सी चाक घातले, की रिम बोल्टपासून ४ मि.मी. दूर जाते. ७००सीच्या जागी ६५०बी, म्हणजे ५८४ मि.मी.चे चाक घातले, तर हे अंतर १९ मि.मी.ने वाढते.

खाचेच्या तळाशी आणूनही रबर रिमच्या वर राहिले, तर ते टायरच्या कडेला घासते. कड झिजून ट्यूब फुटते, तीही ऐन ब्रेक दाबताना. खाच कानशीने खाली वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे. ब्रेकचा सगळा जोर त्याच टोकावर येतो आणि तिथलाच धातू कानस खाते.

योग्य उपाय तीन. पहिला, लांब पोचेचा कॅलिपर. यात रबराची भुजा लांबते. तारेची भुजा तेवढीच राहिली, तर ४५ मि.मी.वरून ६४ वर जाताना रबरावरचा दाब सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून चांगले रबर आणि कमी घर्षणाची केबल हवी. दुसरा, ड्रॉप बोल्ट. तो अख्खा कॅलिपरच खाली आणतो, त्यामुळे भुजांचे प्रमाण बदलत नाही. मात्र जोडणी जराही लवचीक असता कामा नये. तिसरा, मूळ मापाचे चाक परत बसवणे.

खरेदीपूर्वी चाक पक्के बसवून बोल्टच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंत मोजावे, पुढे आणि मागे वेगवेगळे. नटही पाहावा: आत बसणाऱ्या नटासाठी नटाच्या बाजूचे भोक ८ मि.मी. लागते, जुन्या सायकलींत ते सहसा ६ मि.मी.च असते. मोजलेले अंतर ज्याच्या पल्ल्याच्या आत येत असेल, तोच कॅलिपर घ्यावा.