यॉर्कची टेकडी आणि मार्च ११९०

इंग्लंडमधील यॉर्क शहरात हिरवळीने झाकलेली एक उभट टेकडी आहे. माथ्यावरचा भग्न दगडी बुरूज, ‘क्लिफर्ड्स टॉवर’, तेराव्या शतकातला. टेकडी त्याहून जुनी, आणि ती माणसांनी रचलेली आहे.

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांची ही ठरलेली रीत. खंदक खणायचा, मातीचा ढीग (मॉट) रचून त्यावर लाकडी बुरूज उभारायचा, पायथ्याशी कुंपणाचे आवार (बेली) ठेवायचे. गडकोटांच्या भाषेत वर बालेकिल्ला, खाली माची. विल्यमने यॉर्कमध्ये १०६८ साली असा किल्ला बांधला, पुढच्याच वर्षी नदीपलीकडे दुसरा. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’नुसार शहराच्या सात विभागांपैकी एक या किल्ल्यांपायी उजाड झाला होता. यॉर्ककरांच्या लेखी ही टेकडी म्हणजे राजाचा धाक होता.

ज्यूंना मात्र तिथे आसरा दिसला. ते राजाचे आश्रित मानले जात. त्यांच्या सावकारीवर राजा कर घेई. मार्च ११९० मध्ये, राजा रिचर्ड धर्मयुद्धाच्या तयारीसाठी परदेशी असताना, दंगल उसळली आणि ज्यू कुटुंबे बुरुजात शिरली. किल्लेदार काही कामासाठी बाहेर पडला. तो परतला तेव्हा दगाफटक्याच्या भीतीने त्यांनी दार उघडले नाही. मग राजाच्याच अधिकाऱ्याने, शेरीफने, फौज बोलावली. जमावही तिला मिळाला.

१६ मार्चच्या रात्री रब्बी योम तोव यांच्या सल्ल्याने बहुतेकांनी आपल्या बायकामुलांना व स्वतःला संपवले. बुरूज पेटला. बाप्तिस्मा घेतल्यास अभय, या शब्दावर सकाळी बाहेर आलेल्यांचीही कत्तल झाली. एकूण बळी सुमारे १५०.

त्यानंतर जमाव थेट कॅथेड्रलमध्ये गेला आणि तिथे ठेवलेले कर्जरोखे त्याने जाळले. धर्मवेड होतेच, पण पुढाऱ्यांतला रिचर्ड मॅलबिस हा सरदार स्वतः ज्यूंचा कर्जदार होता, हे विसरून चालणार नाही. राजसत्तेने धडा घेतला तोही हिशेबाचाच: ११९४ पासून कर्जरोख्यांच्या दुय्यम प्रती सरकारी पेट्यांत ठेवण्याचा नियम झाला. शहराला दंड झाला. १२९० मध्ये तर सर्वच ज्यूंना इंग्लंडमधून हाकलण्यात आले.

जळालेल्या बुरुजाच्या जागी पुन्हा लाकडीच बुरूज उभा राहिला; १२२८ च्या वादळात तोही पडला. आजचा दगडी बुरूज तिसऱ्या हेन्रीच्या काळातला. भरावाच्या मातीला हा भार पेलवला नाही, भिंतींना तडे गेले.

टेकडीच्या पायथ्याशी ११९० च्या बळींची आठवण सांगणारा फलक आहे. तो १९७८ साली बसवला गेला.